आई मासिकात जाते

पुण्यात रशियन भाषेच्या प्राथमिक वर्गाला जात असताना एकदा आम्हाला पाच-सहा सोपी वाक्ये मराठीत आणायला सांगितली होती आणि त्यांतले एक वाक्य होते, ‘मामा इद्योत व मगाझीन’. ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ नसून खुद्द आई, हा सापळा मी चुकवला होता. ‘मगाझीन’ मात्र इतका ओळखीचा वाटला की शब्दकोश न उघडताच मी लिहून टाकले, ‘आई मासिकात जाते.’ बाईंनी ‘मासिकात’ या शब्दावर काट मारून वर ‘दुकानात’ असे लिहिले आणि वही परत दिली. मासिकाला रशियनमध्ये ‘झुर्नाल’ म्हणतात आणि ‘मगाझीन’ म्हणजे साधे दुकान, हे मग कायमचे लक्षात राहिले. एकच शब्द लंडनमध्ये मासिक, मॉस्कोत दुकान आणि सैनिकाच्या बंदुकीत गोळ्यांची पेटी कसा होतो, हे कुतूहलही तेव्हापासूनचे.

शब्द मुळात युरोपचा नाही. तो अरबी आहे आणि त्याचे मूळ ‘ख-झ-न’ या तीन व्यंजनांत आहे, ज्यांचा अर्थ साठवणे, राखून ठेवणे. अरबीत क्रियेच्या मूळ व्यंजनांना आधी ‘म’ जोडून ती क्रिया जिथे घडते त्या जागेचे नाव करण्याची रीत आहे आणि मराठी माणसाला ही रीत नकळत ठाऊक असते. सजदा, म्हणजे दंडवत, जिथे घालतात ती मशीद. धडे जिथे घेतात तो मदरसा. कबर जिथे असते तो मकबरा. बसायचे जिथे ती मजलिस. प्रवासात उतरून मुक्काम करायचा तो ‘मन्झिल’, ज्याची मराठीत ‘मजल’ झाली आणि आपल्या बखरींतल्या फौजा ‘मजल दरमजल’ करीत चालू लागल्या. त्याच साच्यात ‘खझन’पासून ‘मखझन’, म्हणजे साठवणीची जागा, कोठार. याच धातूपासून निघालेले दुसरे रूप फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, ते म्हणजे ‘खजिना’. तेव्हा मॅगझिन आणि खजिना ही सख्खी भावंडे आहेत. एक पश्चिमेला गेले, एक पूर्वेला आले, आणि पुढे इंग्रजी अमलात ती दोघे आपल्याच भाषेत समोरासमोर आली, पण त्यांनी एकमेकांना ओळखले नाही.

पश्चिमेचा प्रवास बंदरांतून झाला. बाराव्या-तेराव्या शतकांत पिसा, जेनोआ, व्हेनिस, मार्सेय या गावांचे व्यापारी ट्युनिस, बेजाया, अलेक्झांड्रिया येथे ये-जा करीत, तिथे त्यांना उतरायला आणि माल ठेवायला जागा नेमून दिलेल्या असत, आणि त्या जागांची, करांची, कचेऱ्यांची नावे ते मालाबरोबरच घरी घेऊन जात. जकातीच्या कचेरीला अरब मुलखात ‘दीवान’ म्हणत, त्यावरून इटालियन ‘दोगाना’, फ्रेंच ‘दुआन’ आणि स्पॅनिश ‘आदुआना’ हे जकातनाक्याचे शब्द झाले. आपल्याकडे मात्र दिवाण हा माणूस राहिला आणि घरातल्या बैठकीचे लाकडी सामानही झाला. दर जाहीर करण्याच्या क्रियेवरून ‘टॅरिफ’ आला, ज्याचा अगदी जवळचा नातलग मराठीतली ‘तारीफ’ आहे, कारण मूळ अर्थ ओळख करून देणे एवढाच. जहाजे बांधण्याच्या कारखान्याला ‘दार-अस-सिनाआ’ म्हणत, त्याचे ‘आर्सेनल’ झाले. या सगळ्या गोदीच्या शब्दांच्या गर्दीत ‘मखझन’ही होता आणि तेराव्या शतकातल्या मार्सेयच्या लॅटिन कागदपत्रांत तो ‘मागाझेनुम’ या वेषात सापडतो. अर्थ अर्थातच कोठार.

युरोपात शब्द शिरला तो दोन दारांनी. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अरबी बोलणारे लोक शेकडो वर्षे राहत होते, त्यामुळे तिथे शब्द कानांनी घेतला गेला, आणि कानाला तो त्याच्या ‘अल’ या उपपदासकट ऐकू येत असे. म्हणून स्पॅनिशमध्ये ‘आल्मासेन’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘आर्माझें’. साखर, कापूस, तेल यांसारख्या पुष्कळ वस्तूंच्या स्पॅनिश नावांपुढेही तेच ‘अल’ नाहीतर त्याचे झिजलेले रूप चिकटलेले दिसते. इटलीला मात्र शब्द समुद्रावरून, व्यापाऱ्यांच्या तोंडून मिळाला, तो उपपद गाळून. इटालियन लोकांच्या जिभेला ‘ख’ जमेना, त्याचा ‘ग’ झाला आणि ‘मगाद्झीनो’ तयार झाला. यात आणखी एक गंमत आहे. ‘मगा’मधला दुसरा ‘अ’ आणि पुढचा ‘इ’ हे ‘मखझन’ या एकवचनात नाहीत; ते ‘मखाझिन’ या अनेकवचनात आहेत. म्हणजे इटालियनांनी ‘कोठारे’ हा शब्द उचलला आणि तो एका कोठारासाठी वापरायला सुरुवात केली. यावर आपण हसण्यात अर्थ नाही. ‘अहवाल’ हे ‘हाल’चे अनेकवचन आहे, ‘तवारीख’ हे ‘तारीख’चे आणि ‘उमराव’ हे ‘अमीर’चे, तरी आपण एकच अहवाल सादर करतो आणि एकाच उमरावाला मुजरा करतो.

पोर्तुगीजांचे ‘आर्माझें’ आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. लिस्बनमध्ये ‘आर्माझें दा गिने ई इंडिया’ नावाचे सरकारी खाते होते आणि आफ्रिकेकडे व हिंदुस्थानाकडे निघणाऱ्या जहाजांचा सरंजाम तिथून पुरवला जाई. समुद्रमार्गांचे नकाशेही तिथेच राखले जात. गोव्याला येणारे प्रत्येक सरकारी जहाज या अर्थाने एका मखझनातून सुटत होते.

इटालियन रूपावरून फ्रेंच ‘मागाझँ’ झाला आणि तिथून शब्द उत्तरेला पसरला. तो लवकर पसरला याचे एक कारण फौजा आहेत असे मला वाटते. सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा याने सरहद्दीजवळ धान्याची, वैरणीची आणि दारूगोळ्याची कोठारे उभारून मोहिमांची आखणी त्यांवर बेतली, आणि पुढे युरोपातल्या इतर राजांनीही तेच केले. फौजेचे पोट आणि तोफांचे पोट भरणारी ती जागा, तिचे नाव प्रत्येक देशाच्या लष्करी भाषेत एकच असणे सोयीचे होते. पण शब्द लष्करातच राहिला नाही. स्वीडनमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चर्चच्या परगण्यागणिक ‘मागासीन’ असत, जिथून अडलेल्या शेतकऱ्याला बियाणे उसने मिळे आणि सुगीनंतर ते वाढीसकट धान्यातच परत करायचे असे. फिनलंडमध्ये त्यालाच ‘मकासीनी’ म्हणत. डच ‘मागाझैन’ आजही मालाचे गोदाम आहे. जर्मन ग्रंथालयात वाचकांच्या नजरेआड ज्या तळघरात पुस्तकांच्या रांगा लावलेल्या असतात त्याला ‘मागात्सीन’ म्हणतात; पुस्तकाची मागणी नोंदवायची आणि ते मागात्सीनमधून वर येईपर्यंत वाट पाहायची. मला हा अर्थ सगळ्यांत आवडतो, कारण त्यात कोठार आणि वाचन एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत.

आता रशियन दुकानाकडे. कोठाराचे दुकान कसे होते, हे समजायला मराठी माणसाला मॉस्कोला जावे लागत नाही, वखारीत जावे लागते. सुरतेची किंवा राजापूरची इंग्रजांची वखार म्हणजे माल साठवण्याची जागा. पण आजीच्या काळी लाकडाच्या नाहीतर कोळशाच्या वखारीत लोक खरेदीला जात. जिथे माल रचून ठेवला आहे तिथूनच तो मापून द्यायला लागले की कोठाराचे दुकान झाले. ‘भांडार’ या शब्दाचेही तेच: देवळाचे भांडार कुलूपबंद असते आणि वस्त्रभांडाराचे दार मात्र गिऱ्हाइकासाठी सताड उघडे असते. अमेरिकेतल्या ‘स्टोअर’चा प्रवास हाच आहे. सर्वांत ठळक उदाहरण ग्रीक ‘अपोथेके’चे आहे, ज्याचा मूळ अर्थ ठेवण्याची जागा, त्यावरून जर्मनमध्ये औषधांचे दुकान म्हणजे ‘आपोटेके’ आले, स्पॅनिशमध्ये दारूचे तळघर म्हणजे ‘बोदेगा’ आले आणि फ्रेंचमध्ये ‘बुटीक’ आले, ज्यात आज पाच-दहा महागडे कपडे हँगरवर टांगलेले असतात आणि साठा म्हणून काहीच दिसत नाही.

फ्रेंच ‘मागाझँ’चेही असेच दुकान झाले आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ‘बाँ मार्शे’सारखी अनेक मजली दुकाने उभी राहिली, तेव्हा त्यांना ‘ग्राँ मागाझँ’, म्हणजे थोर कोठारे, असे नाव पडले. रशियात हा शब्द आधी सरकारी धान्यकोठारांसाठी वापरात होता, मग शहरातल्या मोठ्या, परदेशी माल विकणाऱ्या दुकानांसाठी आला; साध्या दुकानाला ‘लाव्का’ म्हणत. हळूहळू ‘लाव्का’ मागे पडला आणि पाव-दूध विकणारे दुकानही ‘मगाझीन’ झाले. रुमानियन, बल्गेरियन यांनी दुकान हाच अर्थ धरला, ग्रीकांनी ‘मागाझी’ म्हणून धरला, आणि अर्जेंटिनात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला ‘आल्मासेन’ म्हणतात. पोलिशमध्ये मात्र गोदाम हा अर्थ टिकून राहिला. या भाषांचा नकाशा रंगवायला घेतला तर दुकान, गोदाम आणि मासिक यांच्या सीमा कोणत्याही राज्याच्या सीमांशी जुळणार नाहीत.

इंग्रजीने कोठार घेतले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्यातही दारूगोळ्याच्या कोठारावर तिचा जीव जडला. जहाजाच्या पोटातली दारूची खोली म्हणजे मॅगझिन, किल्ल्यातले दारूकोठार म्हणजे मॅगझिन. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतले मॅगझिन बंडवाल्या शिपायांच्या हाती पडू नये म्हणून लेफ्टनंट विलोबीने ते स्वतःच उडवून दिले, आणि त्याच्या दरवाजांचे अवशेष काश्मीरी गेटच्या बाजूला अजून उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आल्या, तेव्हा गोळ्यांच्या त्या छोट्या पेटीलाही हेच नाव मिळाले. बंदुकीच्या आत बसवलेले एक लहानसे कोठारच ते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी ठेवतात त्या डब्यालाही मॅगझिन म्हणतात, ते याच कारणाने.

मुंबईत रे रोडच्या पूर्वेला दारूखाना आहे, आता तो जहाजे तोडण्याच्या आणि भंगाराच्या धंद्यासाठी ओळखला जातो. त्याच दारूखान्यात एका रस्त्याचे नाव मॅगझिन स्ट्रीट आहे. म्हणजे एकाच गोष्टीचे नाव तिथे दोनदा नोंदले गेले आहे, एकदा वस्तीला आणि एकदा रस्त्याला. इथली दारू प्यायची नव्हे, तोफेत भरायची. मूळ फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध, आणि तो अर्थ आपण ‘दवादारू’त अजून जपला आहे. रस्त्याच्या नावावरून कोणाला तिथे जुन्या मासिकांचा बाजार असावा असे वाटले तर तो माझ्यासारखाच, उलट्या बाजूने, फसेल.

कारण मासिक हा अर्थ या शब्दाच्या आयुष्यात फार उशिरा आला. सतराव्या शतकात इंग्रजीत एखाद्या विषयाची सगळी माहिती एका ठिकाणी आणणाऱ्या पुस्तकाला मॅगझिन म्हणू लागले होते. सॅम्युएल स्टर्मीचा खलाशांसाठीचा ‘मरिनर्स मॅगझिन’ १६६९ सालचा आहे आणि ते मासिक नाही, जाडजूड ग्रंथ आहे. मग १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह या छपाईदाराने ‘जंटलमन्स मॅगझिन’ सुरू केले. त्या वेळी लंडनमध्ये इतकी वर्तमानपत्रे निघत होती की सगळी वाचणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून त्यांतले निवडक मजकूर महिन्यातून एकदा एकत्र छापायचे, अशी त्याची योजना होती. नावात अलंकार थोडा आणि व्यवहार अधिक होता: दुसऱ्यांनी पिकवलेला माल आणून साठवायचा, तर ते कोठारच. केव्हने आपल्या निवेदनात मजकूर मॅगझिनमध्ये असावा तसा साठवून ठेवण्याची भाषा केली आणि ‘साठवणे’ यासाठी जे इंग्रजी क्रियापद वापरले ते ‘ट्रेझर’. ते ग्रीक ‘थेसाउरोस’पासून निघालेले, त्याचाही अर्थ खजिना. एका वाक्यात ग्रीकांचा आणि अरबांचा असे दोन्ही खजिने शेजारी बसले, आणि केव्हला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

पुढच्याच वर्षी ‘लंडन मॅगझिन’ प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले आणि मॅगझिन हे अशा नियतकालिकांचे सामान्य नाव होऊ लागले. केव्हच्या मासिकात उमेदवारी केलेल्या सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला शब्दकोश प्रसिद्ध केला, त्यात ‘मॅगझिन’चा पहिला अर्थ कोठार, बहुधा शस्त्रागार, असा दिला आहे, दुसरा अर्थ देताना, अलीकडे हा शब्द केव्हच्या मासिकावरून संकीर्ण मजकुराच्या पुस्तिकेलाही लावतात, असे म्हटले आहे. शब्दाचा नवा अर्थ जन्मताना समोर हजर असलेला कोशकार क्वचितच मिळतो. आज इंग्रजी वाचकाला पहिला अर्थ मासिक वाटतो आणि बंदुकीचा अर्थ कुठून आला याचे आश्चर्य वाटते. मुळात गोष्ट बरोबर उलटी आहे.

नंतर फ्रेंचांनी आपलाच शब्द इंग्रजांकडून परत घेतला. ‘मागाझँ’ म्हणजे दुकान आणि ‘मागाझीन’ म्हणजे सचित्र नियतकालिक असे दोन शब्द आज फ्रेंचमध्ये शेजारी नांदतात. मधल्या काळात १८३३ साली निघालेल्या ‘मागाझँ पितोरेस्क’ या लोकप्रिय नियतकालिकाने जुनेच रूप नावात घेतले होते, तेव्हा हा भेद अजून पक्का झालेला नव्हता. इटालियन आणि स्पॅनिश वाचक मात्र मासिकाला कोठार न म्हणता ‘रिव्हिस्ता’, ‘रेव्हिस्ता’ म्हणतात, म्हणजे पुन्हा पाहणे.

मराठीने हा शब्द छापील अर्थाने बराच काळ घेतलाच नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकापुरता आणि गुळगुळीत कागदाच्या अंकांपुरता तो आला. आपण नियतकालिकाला कालावरून ओळखले: मासिक, पाक्षिक, साप्ताहिक. नावे ठेवताना १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांना आरसा सुचला, ‘दर्पण’. १८४० साली दिशा दाखवणे सुचले, ‘दिग्दर्शन’. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांना माळ सुचली, ‘निबंधमाला’. कोठाराची प्रतिमा आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. ती शब्दकोशाने आधीच घेऊन ठेवली होती. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली त्यांत ‘कोश’ म्हणजे खजिना आहे, आणि अमरकोशात तोच ‘कोश’ शब्दांचा आहे. युरोपातही सोळाव्या शतकात एस्तिएन घराण्याने लॅटिन आणि ग्रीक भाषांचे प्रचंड शब्दकोश काढले ते ‘थेसाउरुस’ या नावानेच. शब्द हे धन आहे, ते जपून ठेवायचे आणि लागेल तसे काढायचे, ही कल्पना संस्कृतला आणि लॅटिनला वेगवेगळी सुचलेली दिसते.

राहिला पूर्वेचा भाग. तुर्कीत या एका धातूचे तीन शब्द आहेत: ‘हझीने’ म्हणजे सरकारी खजिना, ‘माहझेन’ म्हणजे तळघर, आणि युरोपची फेरी करून दुकान होऊन परतलेला ‘माआझा’. फारसीतही ‘मखझन’ म्हणजे टाकी किंवा साठा आणि ‘मगाझे’ म्हणजे दुकान असे दोन्ही नांदतात. मोरोक्कोत कर साठवण्याच्या जागेवरून खुद्द राजसत्तेलाच ‘मखझन’ म्हणू लागले, आणि आजही तिथल्या राजवाड्याभोवतीच्या सत्तावर्तुळाला लोक याच नावाने ओळखतात. फारसी कवी निझामी याने बाराव्या शतकात आपल्या काव्याला ‘मखझन-उल-असरार’, म्हणजे रहस्यांचे कोठार, असे नाव दिले होते, केव्हच्या आधी साडेपाचशे वर्षे. आणि एप्रिल १९०१ मध्ये लाहोरला शेख अब्दुल कादिर यांनी एक उर्दू मासिक सुरू केले, त्याच्या पहिल्याच अंकात तरुण इकबालची ‘हिमाला’ ही कविता छापली गेली. मासिकाचे नाव होते ‘मखझन’. ते इंग्रजी ‘मॅगझिन’चे भाषांतर होते की निझामीची आठवण, हे ठरवण्याची गरज लाहोरच्या वाचकाला पडली नसावी, त्याच्या दृष्टीने शब्द घरचाच होता.